थट्टेचं शुद्धलेखन

२००७ सालच्या ‘लोलकोड’ या संगणकभाषेत प्रोग्राम ‘हाय’ने सुरू होतो, ‘केथँक्सबाय’ने संपतो, मधलं इंग्रजी मुद्दाम मोडकं, इंटरनेटवरच्या मांजरांच्या चित्रांवर असायचं तसं. अशा प्रकल्पाच्या मॅन्युअलमधलं व्याकरण कुणी सुधारलं, की लोक हसतात: थट्टाच ती, तिला कसलं शुद्धलेखन? पण त्या भाषेतल्या ‘हाय’चं चुकीचं स्पेलिंग सुधारलंत तर प्रोग्राम चालणारच नाही. म्हणजे ती चूक हाच नियम. आता नियम समजावणारी वाक्यंही अशुद्ध असली, तर मुद्दामची चूक कोणती आणि आळसाची कोणती, हे वाचकानं ओळखायचं कसं? सुधारणाऱ्याला प्रकल्पाच्या यादीत नाव लावून फुकटचं श्रेय हवं असतं, हा दुसरा आक्षेप खरा. असेना! आपल्याकडे कोनशिलेवर नाव लागायला स्वल्पविराम टाकण्याइतकंही काम लागत नाही. तेव्हा मॅन्युअल खुशाल सुधारा, मांजरांच्या भाषेला मात्र हात लावू नका.