आपत्कालीन दगड

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गाडी बंद पडावी ती बोरघाटातच. शनिवारची सकाळ, आत सात माणसं, टपावर बॅगा, एसी फुल्ल आणि चढावर पहिल्या गिअरची रखडपट्टी. इंजिनानं मान टाकली तर दोष कोणाचा? टोल तर पूर्ण भरलेला असतो. आता बॉनेट उघडायचं आणि रेडिएटरचं तापलेलं झाकण फिरवायला निघालेल्या मेव्हण्याला आवरायचं.

गाडी डाव्या कडेला घ्यावी, असा नियम आहे. ती पट्टी अडचणीतल्या वाहनांसाठी राखीव. पण लोणावळ्यातली चिक्की संपायच्या आत ज्याला पोचायचंय, तो माणूसही अडचणीतच नाही का? म्हणून तो तिथूनच पुढे घुसतो. गस्तीची गाडी, क्रेन, रुग्णवाहिका हे सगळं या रस्त्यावर आहे, नाही असं कोण म्हणेल? फक्त त्यांनाही याच पट्टीवरून यायचं असतं आणि तिथं चिक्कीवाले आधीच अडकलेले असतात.

धोक्याची खूण म्हणून कंपनी लाल त्रिकोण देते. तो स्टेपनीखाली, प्लॅस्टिकसकट, देवघरातल्या नारळासारखा जपलेला असतो. खरा भरवसा दगडांवर. ट्रक बंद पडला की क्लीनर मागं चार दगड मांडतो, वर झाडाची फांदी खोचतो. बॅटरी नको, देखभाल नको. रात्री दिसत नाहीत, पण आदळल्यावर कळतातच. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो. दगड जनसेवेत कायम.

लॉस एंजेलिसवाले यात फारच मागास. तिथं १९९१पासून गर्दीच्या वेळी फ्रीवेवर टो ट्रक फिरते ठेवलेत. बंद गाडी दिसली की चाक बदलतात, गॅलनभर पेट्रोल घालतात, बॅटरीला जंप देतात. तरी हलली नाही तर ओढून फ्रीवेबाहेर सोडतात. सगळं फुकट, वर बक्षिसी घ्यायला मनाई! एक बंद गाडी मागच्या हजारोंचा वेळ खाते, असा त्यांचा कोता हिशेब.

आपल्या मागच्या हजारोंची सोय मात्र केव्हाच झालेली आहे. घाटात कोंडी झाली रे झाली की पाण्याच्या बाटल्या, कणसं, मोसमात करवंदं घेऊन माणसं डोंगरातून उगवतात, क्रेनच्या कितीतरी आधी. सरकारनं नवी योजना काढायच्या भानगडीत पडू नये. करवंदांच्या पाटीत एक फॅनबेल्ट आणि कूलंटची बाटली ठेवू द्यावी. दराचं काय ते मेव्हणा घासाघीस करून बघेल.