कुठी चालले, अन् काऊन?

वऱ्हाडात रस्त्याच्या कडेला थांबलेल्या माणसाला दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला ‘कुठी चालले?’ आणि दुसरा ‘काऊन?’ पहिल्याला काहीही सांगितले तरी चालते : अकोल्याला, परतवाड्याला, नाहीतर नुसतेच ‘इथं, समोर’. दुसऱ्याला मात्र कारण लागते, आणि तेही विचारणाऱ्याला पटेल असे. लग्न, तेरवी, सोयरीक, कोर्टाची तारीख, दवाखाना आणि कापसाचा चुकारा ही मान्यताप्राप्त कारणे. आता पुण्यातला फ्लॅट सोडून, सोफा-फ्रीज विकून, गाडीत तंबू टाकून आणि गाडीच्या पाठीला गिअरच्या दोन सायकली बांधून बेमुदत निघालेले जोडपे या यादीत कुठे बसवायचे? ‘आम्ही फिरतो’ हे वऱ्हाडात उत्तर धरत नाहीत, ती टाळाटाळ समजतात. त्यातून सायकलींचा उपप्रश्न निघतो. सायकलवर बसायचे होते तर गाडी काऊन घेतली, आणि गाडी होती तर सायकलले काऊन फिरवून राह्यले? हा तर्क बिनतोड आहे, हे आधीच मान्य करून टाकतो. तरीही माझे म्हणणे असे की, भटक्या जोडप्याची इथली खरी अडचण ऊन, रस्ता किंवा वाघ ही नसून हा ‘काऊन’ आहे. आणि तो विचारण्याचा अधिकार जगात ज्यांना सर्वांत कमी आहे, ते लोक म्हणजे आम्ही वऱ्हाडी.

पुरावा माहेरापासूनच काढू. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर आहे. विदर्भाची जुनी राजधानी कुंडिनपूर ते हेच, असे परंपरा मानते. या एका गावच्या दोन लेकी पुराणात गाजल्या, आणि दोघींचेही संसार रस्त्यावरच गाजले. रुक्मिणी देवीच्या दर्शनाला गेली आणि तिथून कृष्णाच्या रथात बसली. ती देवी म्हणजे आमची अंबादेवी, याबद्दल अमरावतीकराला शंका नाही. म्हणजे या भागातली जोडप्याची पहिली रोड ट्रिप, जिथे आज दुचाकी लावायलाही जागा शोधावी लागते, तिथून सुटली. तिने आधी पत्र पाठवून कुठून आणि कसे न्यायचे ते सगळे कळवले होते, म्हणून ती सफल झाली. दुसरी दमयंती. तिच्या नवऱ्याने जुगारात राज्य घालवले, उरलेले एक वस्त्र पक्षी घेऊन उडाले, आणि अखेर बायको झोपेत असताना तिचे अर्धे वस्त्र कापून घेऊन तो निघून गेला. मुक्कामी सामान कमी असावे हे खरे, पण इतकेही कमी नसावे. दोन्ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनात माना डोलवत ऐकल्या. मंडपातून कोणी उठून ‘काऊन?’ विचारल्याचे ऐकिवात नाही.

यावर शहाणा माणूस म्हणेल की कथा राहू द्या, हा मुलूख असल्या थेरांसाठी आहे का? रास्त आक्षेप आहे. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४७ अंशांवर जातो. त्या वेळी तंबूत माणसापेक्षा पापड ठेवणे फायद्याचे. रस्त्याला मात्र बोल लावता येणार नाही. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नाव नोंदवले गेले. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता. पण डोंगरी सायकल काही महामार्गासाठी घेतलेली नसते. ती कच्च्या वाटेला लागली की वऱ्हाडची काळी माती तिची परीक्षा घेते. उन्हाळ्यात या मातीला अशा भेगा पडतात की पुढचे चाक आत जाऊन बसावे. पावसाळ्यात तीच माती चाकावर थरावर थर चढवते. आधी गिअर दिसेनासे होतात, मग ब्रेक, मग चाक फिरणेच बंद होते, आणि सायकल माणसाच्या खांद्यावरून डौलात प्रवास करते. एकवीस गिअरांत खांद्याचा गिअर कंपनीने दिलेला नसतो, तो इथे आपोआप पडतो. बांधावरचे सराटे आणि बाभळीचे काटे विलायती आणि देशी ट्यूब असा भेदभाव करत नाहीत. पूर्णेच्या काठी खारपाणपट्टा लागतो, तिथल्या विहिरीच्या पाण्याने चहा केला तर चव कशी लागते हे एकदा चाखून ठरवावे. राहता राहिला मेळघाट. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायला घेतला की गिअरची सायकल का घेतली ते पहिल्यांदा कळते. वर सुमारे ११०० मीटरवर थंड हवा आणि चक्क कॉफीचे मळे आहेत. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत फेकले ती इथलीच, असे सांगतात. म्हणजे पांडवांचे ते फिरते बिऱ्हाडही अज्ञातवासात इथेच. अर्थात मेळघाट हा १९७३-७४ मधल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला एक. तिथे मनात येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. वाघाच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की तो ‘काऊन’ विचारत नाही.

तेव्हा मुलूख अवघड आहे, अशक्य नाही. हिवाळ्यात तर हरभऱ्याच्या जागलीला अख्खे वऱ्हाड मचाणावर उघड्यावर झोपते. त्याला कोणी कॅम्पिंग म्हणत नाही, कारण रानडुकरे आणि रोही हे कारण तयार असते.

इथे दुसरा, जास्त वजनदार आक्षेप येतो. आमच्याकडे फिरले ते कार्यासाठी फिरले, हे दोघे उगाच फिरतात. गाडगेबाबांनी १९०५ साली घर सोडले ते हातात खराटा घेऊन. गावोगाव धर्मशाळा दुसऱ्यांसाठी बांधल्या, स्वतः मात्र फिरतच राहिले, आणि २० डिसेंबर १९५६ला वलगावजवळ, पेढी नदीपाशी, प्रवासातच गेले. बाबा आमटे १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले तेव्हा तरुण सायकलींवर होते आणि पाठीच्या दुखण्यामुळे बाबा गाडीत आडवे. गाडी अधिक सायकली हा बेत तोच, पण त्याला ‘भारत जोडो’ हे नाव होते. मेळघाटात बैरागडला डॉक्टरकी करणाऱ्या रवींद्र कोल्हे यांनी लग्नाआधीच अटी सांगितल्या होत्या : चाळीस किलोमीटर चालावे लागेल, महिना चारशे रुपयांत भागवावे लागेल, लग्न पाच रुपयांत होईल आणि वेळ आली तर दुसऱ्यांसाठी भीकही मागावी लागेल. होणाऱ्या पत्नी स्मिताताईंनी त्या मान्य केल्या. २०१९ मध्ये दोघांनाही पद्मश्री मिळाली. सायकलीच्या सीटला गादीचे कव्हर लागते की नाही यावर भांडणाऱ्या जोडप्याने या अटी तंबूच्या आतल्या बाजूला लिहून ठेवायला हरकत नाही.

सगळे खरे. पण कार्यावाचून फिरण्याची परंपराही इथलीच आहे, आणि ती या सगळ्यांहून जुनी. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी आपल्या अनुयायांना फिरणे हाच आचार सांगितला : एका जागी गुंतू नये, ओळखीचा गाव टाळावा, देशाच्या टोकाला झाडाखाली दिवस काढावेत. त्यांच्या मुक्कामांच्या आणि जेवणाखाण्याच्या आठवणी म्हाइंभटांनी माणसे शोधत जमवल्या आणि तेराव्या शतकात आमच्या ऋद्धपूरला ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. स्वामी कुठे उतरले, काय खाल्ले, कोण काय बोलले. मराठी गद्याची पहिली मोठी पोथी ही अशी मुक्कामांची वही आहे, आणि तिच्या मानापोटी आता त्याच ऋद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आले. महानुभाव आणि पुणेकर जोडप्यात वैराग्याचे अंतर आहे, हे कबूल. एकाने देह विसरायचा होता, दुसऱ्याला त्याचे फोटो काढायचे असतात. पण ‘उगाच फिरणे’ वऱ्हाडाला परके आहे, हा दावा मात्र टिकत नाही.

शिवाय कारण असले की प्रश्न थांबतो, हे तरी कुठे खरे आहे? उंट आणि मेंढ्या घेऊन काठेवाडी येतात, शेतात मेंढ्या बसवून खत देऊन जातात. गावाबाहेर पाल टाकलेला घिसाडी लोखंड धरतो आणि त्याची बायको घण मारते. सगळ्या गावाच्या विळ्या-कुऱ्हाडी त्या एका भट्टीवर अवलंबून. बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारे, उघड्यावर राहणारे आणि कामाचे स्वच्छ कारण असलेले जोडपे याहून दुसरे नाही. तरी सर्वांत कडक ‘काऊन’ त्यांनाच विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या हातात बहुधा दांडा असतो. अकोला-अमरावतीकडच्या पारध्यांना तर इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ला कागदावरून निघाला, पोलीस पाटलाच्या नजरेतून निघायला वेळ लागतो आहे. म्हणजे ‘काऊन’ हा कारणाचा प्रश्न नाहीच. तो पत्त्याचा प्रश्न आहे. पुण्याच्या जोडप्याला तो चहाचा कप पुढे करून विचारतात, कारण नंबर प्लेटवरून घर कुठेतरी आहे याची खात्री पटलेली असते. उत्तर दोघांचेही सारखेच असते, ‘दोन दिवस राहू, मग पुढे जाऊ’. एकाचे ते साहस ठरते, दुसऱ्याचे संशयास्पद.

हे सगळे पैसेवाल्यांचे चोचले आहेत, असा तिसरा आक्षेप उरतो. आहेतच. पण चोचले पुरवायला माणसे घरदार सोडून डिसेंबरात बहिरमलाही जातात. तिथली यात्रा महिनाभर चालते. सातपुड्याच्या पायथ्याशी राहुट्या पडतात, गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजले जातात, हंडी चुलीवर चढते, आणि ज्यांची पक्की घरे मोटारीने अर्ध्या तासावर आहेत ते लोक थंडीत कुडकुडत कापडाखाली झोपतात. भटक्या जोडप्याने वऱ्हाडात यायचेच तर त्या दिवसांत यावे, सायकली एखाद्या राहुटीच्या खुंटाला टेकवाव्यात आणि चुलीपाशी बसावे. तिथे ‘कुठी चालले’ नाही आणि ‘काऊन’ही नाही. बाईमाणूस परातीवरून मान वर करून एवढेच विचारील, ‘तुमच्यासाठी रोडगे किती टाकू?’