दोषाचे शिक्कामोर्तब

१९५५ साली अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या सरकारी टांकसाळीत एका ठशावर लिंकनच्या सेंटाची मुद्रा किंचित सरकून दोनदा उमटली. आणि त्या ठशाखालून निघालेली नाणी इतर असंख्य निर्दोष नाण्यांत मिसळून गेल्याचे ध्यानी आल्यावर, सारा ढीग वितळविण्यापेक्षा वीसएक हजार सदोष नाणी रयतेच्या पदरात घालणे अधिक सोयीचे, असा निवाडा तेथील अंमलदारांनी केला. त्यांतली कित्येक तर सिगारेटच्या पाकिटावरील पारदर्शक वेष्टनात, यंत्राने परत करावयाची मोड म्हणून खोचली जाऊन, धूम्रपानभक्तांच्या खिशात पोहोचली.

आज त्याच सेंटाचा भाग्यवान धनी, ज्यावरील सन आणि ‘लिबर्टी’ ही अक्षरे नुसत्या डोळ्यांनाही दुहेरी दिसतात असे ते नाणे, सत्तर गुणांच्या मापाने पारखणाऱ्या तज्ज्ञांपुढे रुजू करतो, तांब्याची मूळ लाली शाबूत असल्याचा दाखला मिळवितो, आणि आपल्या नाण्यातील दोष सर्वथा निर्दोष आहे अशी सनद हाती येताच कृतार्थ होतो. नाणे मग प्लास्टिकच्या पेटीत कायमचे मोहोरबंद होते. ज्याच्यासाठी एवढे द्रव्य वेचले त्यास बोट लावण्याची मुभा खुद्द मालकासही उरत नाही. हाच गृहस्थ कारकुनाच्या जमाखर्चातील एका पैशाची चूक मात्र खपवून घेत नाही.

सरकारच्या गफलतीची किंमत रयत एरवी नाइलाजाने मोजते. संग्राहक ती चढाओढीने मोजतो, एवढाच काय तो फरक.