सात सह्यांची सेवा

संस्था नोंदवायला किमान सात माणसं लागतात, असं 1860 चा कायदा सांगतो. सातव्या सहीची शाई वाळायच्या आत आपल्यात दोन गट पडतात, हे कायदा करणाऱ्या इंग्रजाला कुणी सांगितलं नसावं. मग एक गट मूळ नाव धरून बसतो, दुसरा त्याच नावाआधी ‘नव’ लावतो, आणि धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्टवरून तारखा पडत राहतात.

सेवाभावी संस्था छोट्या आणि पुष्कळ असाव्यात की मोठ्या आणि मोजक्या, यावर विद्वान चर्चासत्रं भरवतात. उत्तर सोपं आहे. अध्यक्ष व्हायला जितके लोक उत्सुक, तितक्या संस्था लागतात. सेवेचा हिशेब मागाहून बघता येतो.

ऑगस्ट 2019 चा महापूर आठवा. सांगली आणि शिरोळच्या दिशेने ट्रकांची रांग लागली. हमरस्त्यालगतच्या गावात बिस्किटांचे पुडे खाऊन पोरं कंटाळली. आतल्या वस्तीवर मात्र कुणी फिरकलं नाही, कारण त्या वळणावर ट्रकचा फ्लेक्स बाभळीला अडकायचा. एक पुडा, त्याला लागलेले कार्यकारिणीचे सगळे हात, मध्ये भेदरलेली आजी आणि समोरून हुकूम : ‘आजी, पुडा जरा वर धरा, लोगो दिसत नाही.’ शाळेच्या व्हरांड्यात जुन्या कपड्यांचा ढीग, त्यात एक भरजरी शेरवानी. घर वाहून गेलेल्या माणसाने ती घालून गाळ उपसायचा, अशी दात्याची कल्पना असावी.

एक कबूल करायला हवं. पहिल्या रात्री म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन पाण्यातून बाहेर आणणारी पोरं गल्लीतल्याच मंडळांची होती. गरजांचं सर्वेक्षण, ठराव, मंजुरी यांतलं त्यांना काही ठाऊक नव्हतं, म्हणून माणसं वाचली. पण पडलेली घरं उभी करायची तर पावतीपुस्तकाचा जोर अपुरा. तिथे दांडग्या संस्थेला पर्याय नाही.

मग मोठीने पैसा द्यावा, छोटीने काम करावं, असं तुम्ही म्हणाल. सरकारला ही जवळीक खपली नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी एका संस्थेने दुसरीला द्यायची नाही, आणि कार्यालयीन खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून थेट 20 वर. छोट्या संस्थेचा हिशेबनीस उरलेल्या टक्क्यांत हवा खाऊन जगतो, असं दिल्लीत गृहीत धरलेलं दिसतं.

देशी पैसा आहे की! 2013 च्या कायद्याने बड्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के समाजकार्याला बांधून दिले. पण कंपनीच्या साहेबाला चाळीस संस्थांचे चाळीस अहवाल कशाला? त्याला एकच संस्था, एकच सादरीकरण आणि मार्चआधी संपलेला निधी हवा. पाड्यावर वीस वर्षं राबणारी बाई ‘इम्पॅक्ट म्हणजे नक्की काय हो, दादा?’ असं विचारते आणि तिथेच बाद होते.

अहवालांत मात्र छोट्या-मोठ्यांची एकी वाखाणण्यासारखी. एकाच कुटुंबाला मंडळ मोजतं, ट्रस्ट मोजतो, कंपनी मोजते आणि आमदारसाहेबांचं प्रतिष्ठानही मोजतं. चारशे उंबऱ्यांच्या गावात सोळाशे कुटुंबं लाभार्थी. 2021 ची जनगणना झालीच नाही म्हणून उगाच हळहळ झाली. सरकारने हे वार्षिक अहवाल मागवून बेरीज केली असती तरी भागलं असतं. लोकसंख्या जरा जास्त भरली असती, एवढंच.