आवाज बंद, फी चालू

पंचवीस मुलं, पडद्यावर पंचवीस चौकोन आणि सगळ्यांचे माइक बंद. वरच्या चौकोनात बाई सा लावतात, मुलं आपापल्या घरी तोंड उघडतात आणि बाई म्हणतात, "छान, छान!" कोणाला म्हणाल्या? एकाही मुलाचा आवाज त्यांच्या कानापर्यंत गेलेला नाही. याला 'ऑनलाइन संगीत वर्ग, वयोगट सहा ते दहा' असं नाव आहे आणि महिन्याची फी आगाऊ भरायची असते.

मुलाचा आवाज शिक्षकाला ऐकू येत नसेल, तर तो गाण्याचा वर्गच नव्हे.

ऑनलाइन शिकवण्याला माझा विरोध नाही. ते नीट व्हायला हवं, कारण पुष्कळ मुलांपुढे दुसरा रस्ताच नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा उघडून बघा. कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक आहे तो सहावी ते आठवीला, आणि तोही पट शंभराच्या वर गेला तर. पहिली ते पाचवीला त्या कायद्यात कलेचा वेगळा शिक्षक नाही. कान घडायचं वय हेच, आणि नेमकं तेच मोकळं सोडलेलं. टीव्हीवरच्या 'लिटिल चॅम्प्स' या गाण्याच्या स्पर्धेनं महाराष्ट्राला वेड लावलं तेव्हा मुग्धा वैशंपायन अलिबागची होती आणि प्रथमेश लघाटे आरवलीचा. गळे सगळीकडे जन्मतात. शिकवणारे मात्र दोन-चार शहरांत गोळा झालेत. फोनवरून हे अंतर तुटू शकतं. म्हणूनच ही सोय वाया घालवणाऱ्यांचा राग येतो.

आता कोणी म्हणेल, समूहात शिकवणं आपल्याकडे जुनंच आहे. आहेच. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि घराण्यांच्या दाराआडची विद्या सामान्य घरांतल्या मुलांसाठी खुली केली. पण एका खोलीत वीस गळे एकदम लागले, तरी मुरलेल्या शिक्षकाला मागच्या रांगेतला उतरलेला गंधार कळतो. तो नजरेनं सांगतो, हातानं वर उचलतो, आणि मूल सुरात येतं. माइक बंद केले की शिक्षकाकडचं हे एकमेव हत्यारच काढून घेतलं.

माइक बंद का ठेवतात, तेही समजून घेऊ. आवाज जायला वेळ लागतो. व्हिडिओ कॉलवर जाण्यायेण्यात मिळून पाव ते अर्धा सेकंद सहज जातो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे बाईंचा ठेका ऐकून मूल बिनचूक गायलं, तरी बाईंना ते अर्धी ते एक मात्रा मागेच ऐकू येणार. पंचवीस घरांतून पंचवीस वेगवेगळे उशीर येणार आणि नुसता गलका होणार. तेव्हा ऑनलाइन एकत्र गाता येत नाही, हे मान्य करून टाकावं. मग उरतं काय? जे आपल्याकडे पूर्वापार चालत आलं ते: गुरूनं एक जागा घ्यायची, शिष्यानं ती परत घ्यायची. आळीपाळीनं. यात उशिरानं काही बिघडत नाही.

तानपुरा आणि ठेका मात्र मुलाच्या घरी वाजला पाहिजे, बाईंच्या घरी नव्हे. आजोबांच्या जुन्या फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावा आणि तो फोन मुलाच्या शेजारी ठेवा. मूल तिथल्या तानपुऱ्यात सूर लावेल, तिथल्या ठेक्यावर समेला येईल. बाईंना हे सगळं थोडं उशिरा पण एकत्र, जसंच्या तसं ऐकू येईल. इतकी साधी गोष्ट, पण कित्येक क्लासमध्ये अजून बाईच आपल्या खोलीत तानपुरा लावून बसतात आणि पलीकडे मुलाला त्याचे तुकडे ऐकू येतात.

दुसरा अन्याय याहून वाईट. बाई सांगतात, "सा लांब धर." मुलगी धरते. पहिले दोन सेकंद आवाज येतो, मग विरतो, तुटतो. बाई म्हणतात, "श्वास पुरत नाही, पोटातून घे." श्वास पुरलेला असतो! कॉलचं सॉफ्टवेअर बोलण्यासाठी बनवलेलं आहे. एकसारखा, न हलणारा आवाज आला की ते त्याला पंखा समजून गाळतं. म्हणजे सा जितका स्थिर, तितका तो गाळला जाण्याचा धोका मोठा. आठ वर्षांची मुलगी पहिल्यांदा स्वच्छ सा लावते आणि तिला चूक ठरवलं जातं. ती पुढच्या वेळी दबकत गाणार, दुसरं काय होणार? झूमवर यासाठी 'ओरिजिनल साउंड' नावाची सोय आहे. बाकी ॲपमध्येही आवाज गाळण्याची सेटिंग बहुधा बंद करता येते. दोन मिनिटांचं काम. पहिल्या तासाला पालकांकडून हे करून न घेणाऱ्या क्लासनं फी मागू नये.

तबल्याचं आणखी अवघड. धा म्हणजे उजव्यावर ना आणि डाव्यावर घे, एकदम. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून डग्ग्याचा घुमारा बाहेर पडतच नाही. मुलाला ऐकू येतो ना आणि तोंडानं म्हणायचं धा. तीनतालात 'धा धिं धिं धा' दोनदा झालं आणि 'धा तिं तिं ता'मधला तिं आला, की डग्गा गप्प होतो आणि खाली आली हे मुलाला कानानंच उमगतं. फोनवर डग्गा सगळीकडेच गप्प. मग मूल मात्रा बोटांवर मोजत बसतं. घरात कुठलाही बरा स्पीकर असेल तर तो जोडा, नसेल तर निदान हेडफोन द्या.

ऑनलाइनचा एक फायदा मात्र खराखुरा आहे आणि तो कोणी वापरत नाही. खोलीतल्या वर्गात एकच पेटी, एकच पट्टी. बुवांनी आपल्या सोयीची काळी एक धरली की चिमुरड्या गळ्यांना खालचे सूर सापडत नाहीत. काही मुलं घोगरी गातात, काही गप्प बसतात आणि घरी जाऊन सांगतात, मला गाणं येत नाही. ऑनलाइन प्रत्येक मूल आपल्या घरी, आपल्या तानपुऱ्यापाशी. प्रत्येकाला त्याच्या गळ्याची पट्टी देता येते. कोणाला काळी चार, कोणाला काळी पाच. जो शिक्षक पहिल्या तासाला बाकी काही न करता नुसती पट्टी शोधतो, त्याच्याकडे मूल डोळे मिटून सोपवावं.

सूर मोजणाऱ्या ॲपचं मला कौतुक नाही. सूर बरोबर आला की काटा हिरवा होतो. मूल काट्याकडे बघत आवाज वरखाली ढकलतं आणि तानपुऱ्याकडे त्याचं लक्षच राहत नाही. हनुवटी उचलून किंचाळत लावलेल्या पंचमालाही काटा हिरवाच होतो.

पालकांनी जवळ बसावं. जपानच्या शिनिची सुझुकींनी व्हायोलिन शिकवताना आईवडिलांना तासाला बसवलं, कारण उरलेला आठवडा मूल घरीच असतं. पण बसायचं ते ऐकायला. मागून गुणगुणून सूर पुरवायला नाही. बाईंना मग आईचा सूर ऐकू येतो. आणि सहा महिन्यांत प्रारंभिक परीक्षा हवी, गणपतीत स्टेज हवं, हा धोशा लावू नये. पहिल्या वर्षी सा स्थिर झाला, सोपे अलंकार झाले, भूपातली एखादी सरगम टाळी-खालीसह आली, तर पुष्कळ झालं.

एक गोष्ट बोलायलाच हवी. न्यू जर्सीतल्या मराठी घरी शनिवारी सकाळी नऊला शिकवणी असते, तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसहा, थंडीत साडेसात. तिथल्या मुलाला बहुतेक वेळा एकट्याला शिकवतात. डॉलर येतात म्हणून शिक्षकाला ते परवडतं. अंबाजोगाईच्या मुलीच्या वाट्याला मात्र पंचवीसची बॅच आणि बंद माइक. शिक्षकानंही पोट भरायचं आहे, हे कळतं. मग चार मुलांची बॅच करा. एक गाईल, तीन ऐकतील. दुसऱ्याची चूक ऐकणं हेही शिकणंच. आठवड्यात एकदा मुलानं मिनिटभराचं रेकॉर्डिंग पाठवावं, शिक्षकानं ते ऐकून दोन वाक्यं बोलून परत धाडावीत. हे कमी पैशांतही होतं.

चाळीस मिनिटांचा तास आणि पंचवीस मुलं. बाई स्वतः एक शब्द न बोलल्या, तरी एका मुलाच्या वाट्याला दीड मिनिटाच्या जरा वर येतं. तेव्हा पुढच्या वेळी चौकशीचा फोन कराल तेव्हा अभ्यासक्रम, प्रमाणपत्र, सवलत हे सगळं नंतर. आधी विचारा: एका तासात माझ्या मुलीचा आवाज तुम्ही किती मिनिटं ऐकणार? उत्तर आकड्यातच मागा, आणि ते मिळेपर्यंत पैसे पाठवू नका.