ग्रीन कार्डाची पत्रिका

लग्नाच्या बोलण्यात कुणी पत्रिका मागितली की आपली अमेरिकेतली भाचेमंडळी नाक मुरडतात. जन्मवेळ आणि जन्मगाव बघून माणसाची पारख करायची, हे या काळात शोभतं का, असं विचारतात. अगदी बरोबर विचारतात. पण ज्या सरकारच्या दारात हे भाचे ग्रीन कार्डासाठी ताटकळत उभे आहेत, तेही डिग्री, पगार, अनुभव सगळं पारखून झालं की शेवटी गुरुजींचाच प्रश्न विचारतं: जन्म कुठला?

नोकरीच्या वाटेने अमेरिका वर्षाला साधारण 1,40,000 ग्रीन कार्डं देते. बायकापोरांचीही त्यातच मोजायची. कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांच्या वाट्याला ढोबळमानाने 7 टक्के. भारताला 7 आणि आइसलँडलाही 7. अख्खं आइसलँड उचलून सांगली-मिरजेत आणून ठेवलं तरी तिथे घरं रिकामी उरतील. पण कायद्याला समानता प्रिय. इतरांनी न घेतलेली उरलीसुरली कार्डं आपल्या पदरात पडतात, तेवढाच काय तो दिलासा.

बरं, पासपोर्ट बदलूनही ही दशा टळत नाही. कॅनडाचे नागरिक व्हा, मडगावात जन्मून पोर्तुगालचा पासपोर्ट मिळवा. अमेरिकेच्या वहीत तुम्ही भारताच्याच रांगेत. उतारा एकच, आणि तोही लग्नाचाच. बायको दुसऱ्या देशात जन्मली असेल तर नवऱ्याला तिच्या जन्मदेशाच्या रांगेत उभं राहता येतं. सासरे ऐन उमेदीत आखातात नोकरीला होते आणि मुलगी मस्कतच्या इस्पितळात जन्मली, तर जावयाची वर्षानुवर्षं वाचतात. वधूवर सूचक मंडळांनी याची दखल घ्यावी. ‘मंगळ असला तरी चालेल, जन्म मस्कतचा हवा’ अशी अपेक्षा लिहायला हरकत नाही.

पत्रिका झाली, आता मुहूर्त. या कामाला लायक अमेरिकन माणूस मिळत नाही, हे कंपनीने आधी सिद्ध करायचं. त्यासाठी इतर सोपस्कारांबरोबर दोन रविवारी वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची. म्हणजे आपला भाचा ज्या खुर्चीवर बसून काम करतोय, त्याच खुर्चीसाठी माणूस हवा म्हणून जाहिरात. ती कुणी वाचू नये म्हणून इकडे आई सिद्धिविनायकाला साकडं घालते. कुणी लायक उमेदवार उगवला नाही की कंपनी कामगार खात्याकडे अर्ज टाकते. त्या अर्जाची तारीख ती प्रायॉरिटी डेट. तिथली आपली माणसं तिला ‘पीडी’ म्हणतात आणि नव्या ओळखीत गोत्रासारखी विचारतात.

मग दर महिन्याला परराष्ट्र खात्याचं व्हिसा बुलेटिन येतं. कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जदारांचा नंबर लागला, ते त्यात छापलेलं असतं. त्यातले ग्रह वक्रीही होतात. 2022 च्या सप्टेंबरात ईबी-टू, म्हणजे उच्चशिक्षितांच्या गटातली, भारताची तारीख डिसेंबर 2014 होती. ऑक्टोबरात ती एप्रिल 2012 वर आली आणि डिसेंबरात ऑक्टोबर 2011 वर. रांग पुढे सरकण्याऐवजी तीन वर्षं मागे गेली. 2025 साल संपलं तेव्हा ती तारीख 2013 मध्येच रेंगाळत होती.

तोवर संसार एच-वन-बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर. घर घ्यायचं, कर भरायचा, शाळेच्या बेक सेलला शंकरपाळे करून न्यायचे. आणि नोकरी गेली तर जास्तीत जास्त 60 दिवसांत नवी कंपनी गाठायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. एकाच घरात थोरला ठाण्यात जन्मलेला, धाकटा न्यू जर्सीत. थोरल्याने एकविसावं ओलांडलं की तो आईबापांच्या अर्जातून गळतो; कायदा वयात थोडी वजावट देतो, पण इतक्या लांब रांगेपुढे ती अपुरी पडते. धाकटा एकवीस वर्षांचा झाला की तोच आईबापांना ग्रीन कार्ड मिळवून देऊ शकतो, तेही कोट्याबाहेर. दोघांनी पोहे एकाच कढईतले खाल्ले, फरक फक्त प्रसूतिगृहाचा.

एवढं करून नंबर लागलाच, तर जन्माचा दाखला काढा. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा नगरपालिकेचा उतारा हातात येतो. त्यावर वडिलांचं नाव आहे, आईचं आहे, लिंगापुढे ‘पु.’ आहे, आणि बाळाच्या नावाचा रकाना कोरा. नोंद बारशाआधीच झालेली. नाव घालायला नंतर कुणी फिरकलंच नाही. मग जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांचं प्रतिज्ञापत्र लागतं. साताऱ्याची ऐंशीची मावशी नोटरीपुढे बसून अमुक दिवशी, अमुक इस्पितळात हा जन्मला असं लिहून देते. मावशी नक्षत्रही सांगते. वकील म्हणतो, नक्षत्र नको. अजून तरी नको.

हा 7 टक्क्यांचा नियम 1990 च्या कायद्यातला. नोकरीच्या कार्डांपुरता तो काढून टाकायचं विधेयक 2019 च्या जुलैत प्रतिनिधीगृहात 365 विरुद्ध 65 मतांनी मंजूर झालं. पुढच्या वर्षी सिनेटनेही आपला वेगळा मसुदा मंजूर केला. दोन मसुद्यांचा मेळ बसला नाही आणि कायदा जागच्या जागी राहिला.

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या गणेशोत्सवात या विषयावर आपल्या मंडळींचं एकमत असतं: जन्म कुठला, हे विचारून माणसाला मागे ढकलणं हा अन्याय आहे. मान्य. फक्त तेच गृहस्थ डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याला आले की रिक्षात बसताबसता ड्रायव्हरला विचारतात, ‘गाव कुठलं तुझं? बिहार का?’ आणि बाहेरच्यांनी शहराची कशी वाट लावली, ते स्टेशनपासून कोथरूडपर्यंत ऐकवतात. जो प्रश्न न्यू जर्सीत अन्यायाचा, तो कोथरूडातही अन्यायाचाच. आधी तो विचारणं बंद करा, मग अमेरिकेला खुशाल नावं ठेवा.