फुकटचा घोडा

माझ्याकडे बुद्धिबळाची अकरा पुस्तकं आहेत आणि शेजारची चौथीतली मुलगी मला रोज संध्याकाळी हरवते. तिच्याकडे एकही पुस्तक नाही.

माझी हरण्याची पद्धत ठरलेली आहे. पंधराव्या-सोळाव्या खेळीला मी पटाच्या पलीकडच्या कोपऱ्यात काहीतरी थोर आखत असतो आणि अलीकडे माझा घोडा उघड्यावर उभा असतो. ती तो उचलते, डब्यात टाकते आणि म्हणते, "काका, तुमची खेळी." भाजीबरोबर कोथिंबीर फुकट यावी तसा तिला माझा घोडा येतो. असे आठ-दहा घोडे गेले, की मी एक पुस्तक घेतो.

आणि घेतो ते नेहमी वाढत्या अंगाचं. आपण कोण आहोत हे दुकानात आठवत नाही; आपण कोण होणार आहोत त्याच्या मापाचं पुस्तक पिशवीत पडतं.

पहिलं फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मिळालं. जुनं इंग्रजी पुस्तक, त्यामुळे खेळ्या जुन्या पद्धतीनं लिहिलेल्या. पांढऱ्यानं राजासमोरचं प्यादं राजाच्या चौथ्या घरात आणलं. काळ्यानंही राजासमोरचं प्यादं राजाच्या चौथ्या घरात आणलं. मी पट मांडून बराच वेळ बसलो, की एका घरात दोघं राहणार कशी? डोंबिवलीत माणसं राहतात, पण प्यादी? मग उलगडलं, की या पद्धतीत जो तो घरं आपल्या बाजूनं मोजतो. 1980च्या दशकात ही रीत मागे पडली आणि प्रत्येक घराला एकच पत्ता मिळाला. तोवर निम्मं पुस्तक मी चुकीच्या घरांत राहून वाचलेलं होतं.

शिकाऊ माणसाला सुधारण्याचा हा उद्योग तसा जुना. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या बुद्धिबळावरच्या संस्कृत पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर 1814 साली मुंबईतच छापलं गेलं, तेही शिकणाऱ्याची सुधारणा हा हेतू जाहीर करून. ते फुटपाथवर दिसलं असतं तर माझ्याकडे आज बारा पुस्तकं असती.

बॉबी फिशरच्या नावावरचं 1966 सालचं पुस्तक मात्र मी शेवटपर्यंत वाचलं. त्याची रचना मजेशीर आहे. उजव्या पानावर प्रश्न, पान उलटलं की उत्तर. डावीकडची पानं उलटी छापलेली. शेवटाला पोचलात की पुस्तक खालचं वर करायचं आणि आल्या वाटेनं परत यायचं. लोकलमध्ये उभ्यानं मी असाच परतीच्या प्रवासात असताना समोरचे गृहस्थ हळूच म्हणाले, "काका, पुस्तक उलटं धरलंय." मी म्हटलं, "ते असंच आहे." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि सरकून मला चौथी सीट दिली. बुद्धिबळानं मला मिळवून दिलेली ही एकमेव जागा. पुस्तक मात्र उत्तम. जवळजवळ सगळं मातीवर, म्हणजे मात देण्यावर. आपल्याच प्याद्यांमागे कोंडलेला राजा कसा मरतो, हे ते इतक्या वेळा विचारतं की झोपेतही उत्तर येतं.

निम्झोविचचं 'माय सिस्टिम' (1925) नसेल तर कपाटाला शोभा नाही. मोकळ्या सुटलेल्या प्याद्याकडे हा गृहस्थ फरारी गुन्हेगाराकडे बघावं तसा बघतो. वाचताना मला सगळं पटतं. सवाई गंधर्वला बसल्यावरही मला सगळं पटतं. घरी येऊन गाता येत नाही, एवढंच.

सर्वांत जास्त पैसे गेले ते ओपनिंगच्या पुस्तकांत. सिसिलियन मी अकराव्या खेळीपर्यंत घोकलंय. मुलगी दुसऱ्याच खेळीला पुस्तकाबाहेर जाते, कारण ती आतच नसते.

अर्व्हिंग चेर्नेव्हनं 1957 साली 33 डावांतली एकूण एक खेळी समजावून सांगितली. राजासमोरचं प्यादं का पुढं केलं, हे तो एका डावात सांगतो, पुढच्यात पुन्हा सांगतो, त्याच्या पुढच्यात पुन्हा. आजी दारातून रोज "छत्री घेतलीस का?" विचारते, तसं. मी कंटाळून ते मिटलं. माझा घोडा भिजतो तो नेमका त्या छत्रीवाचून.

पुस्तकांना नावं ठेवणारे लगेच सुलतान खानचा दाखला देतात. हा पंजाबचा माणूस देशी नियमांवर वाढला, ज्यात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालतं. पाश्चात्त्य ओपनिंगच्या पुस्तकांशी त्याची ओळख उशिराची आणि बेताची. तरी 1929 साली तो ब्रिटनचा विजेता झाला आणि 1930-31च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यानं कापाब्लांकाला हरवलं. खरं आहे. पण सुलतान खान घोडा फुकट देत नव्हता, हे ही मंडळी सांगत नाहीत.

त्या कापाब्लांकाचं 'चेस फंडामेंटल्स' (1921) माझ्याकडे आहे. गेल्या रविवारी त्याची गाठ पडली.

आमच्या संचातलं एक प्यादं कधीचंच हरवलंय, त्याच्या जागी सुपारी असते. रविवारी घोडा नेहमीप्रमाणे गेला, पण मुलीचं लक्ष खालून येणाऱ्या कुल्फीवाल्याच्या घंटेकडे होतं आणि सुपारी पार पलीकडे पोचली. पूजेत सुपारीचा गणपती होतो, त्या दिवशी वजीर झाला. मग वजिराला वजीर गेला, बाकीचं मारामारीत संपलं, आणि पटावर उरले माझा राजा, माझा हत्ती आणि तिचा एकटा राजा.

मी जिंकलोच होतो. फक्त मात द्यायची होती. हत्तीनं शह दिला, राजा सरकला. दुसरीकडून दिला, पुन्हा सरकला. ती एका हातानं कुल्फी खात होती आणि दुसऱ्या हाताच्या पेरांवर अंगठा फिरवत होती.

"पन्नास झाल्या, काका. बरोबरी."

सुपारी डब्यात टाकताना तिनं विचारलं, "तुमच्या पुस्तकात नव्हतं हे?"

होतं. पहिल्याच प्रकरणात, सुरुवातीलाच. हे तर येतंच, म्हणून मी ते ओलांडलं होतं. रात्री पुस्तक काढलं. ती पानं कोरी करकरीत होती, आणि आधीच्या पानावर माझं नाव आणि खरेदीची तारीख, सुवाच्य अक्षरात.